मानुएल आरुडाची जागा

मंगळवार, ६ मे २०१४

आज दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, गोदी-उत्सव समितीने मला माईकवरून काढलं. पाच विरुद्ध एक. तो एक म्हणजे मी. वेळ घड्याळ पाहून लिहिली आहे. एकतीस वर्षं कोर्टात लघुलेखिका होते, अंदाजपंचे लिहायची सवय नाही.

नोंद पुरी असावी म्हणून लिहिते. दर जूनमध्ये विन्स्लो पेनीवेल डोक्यावर केसांचा टोप चढवून आपल्याच पूर्वजाचं सोंग घेतो आणि होडीतून धक्क्याला लागतो. कॅप्टन ओबेड पेनीवेलचं 'लिटल ॲबिगेल' हे जहाज १७९६ साली वॉनसेटला सुखरूप परत आलं, याचा आनंद सगळं गाव साजरा करतं. मुलांना काकवीच्या वड्या, मोठ्यांना भरलेले शिंपले. माईकवर मी. एकोणीस वर्षं! माझा आवाज खाडीपलीकडे जातो, असं विन्स्लोच्या आईने सांगितलं होतं, आणि ती बाई कोणाला उगाच चांगलं म्हणणारी नव्हती.

माझा गुन्हा एवढाच की यंदा मी एक शब्द बदलायला सांगितला. "रम घेऊन आफ्रिकेला, तिथून माल घेऊन हवानाला, आणि काकवी घेऊन घरी," असं ते वाक्य आहे. एप्रिलमध्ये याच ग्रंथालयात एका प्राध्यापिकेचं व्याख्यान झालं. मी गेले होते शिंपल्यांसाठी, खोटं कशाला बोलू. पण तिने जहाजाची रोजनिशी वाचून दाखवली. "आज एक बाई आणि एक मुलगी गेली. वारा नैर्ऋत्येचा. हवा उत्तम." मी हातातला शिंपला परत बशीत ठेवला. अठ्ठ्याहत्तर माणसं होती त्या जहाजाच्या पोटात. म्हणून म्हटलं, 'माल' काढा, 'माणसं' लिहा.

विन्स्लो म्हणाला, "मिस आरुडा, समोर लहान मुलं असतात."

"जहाजावरही होती," मी म्हटलं.

त्यावर लगेच मतदान घेतलं. माईक शेरिल किटरिजला. शेरिल घरं विकते. छप्पर गळत असलं की ती त्या घराला "भरपूर उजेडाचं" म्हणते.

गुरुवार, ८ मे

समितीला पत्र टाकलं. दोन पानं, समास सोडून, शाळेत अक्षर गिरवून घेणाऱ्या सिस्टर बेनेडिक्टाला कबरीतसुद्धा दोष काढता येणार नाही अशा अक्षरात. लेखी उत्तर सात दिवसांत, सायंकाळी पाचच्या आत.

रविवार, ११ मे

चर्चमधल्या मिसानंतर बेकरीत विन्स्लो भेटला. माझ्या गोड पावाच्या रांगेत घुसून म्हणतो, "पत्र मिळालं. किती सुंदर अक्षर हो तुमचं!"

"अक्षर नको पाहू, मजकूर पाहा."

"मिस आरुडा, इतिहासात वाईट गोष्टी होत्याच. पण उत्सव हा उत्सव. शिवाय तुमचेही पूर्वज होतेच की जहाजावर. मानुएलला कशाला त्रास?"

हे त्याने मुद्दाम म्हटलं. कारण माईकच्या भाषणानंतर हजेरी होते. जहाजावरच्या खलाशांची नावं एकेक करून पुकारतात, आणि त्या त्या घराण्यातली वडीलधारी व्यक्ती गर्दीतून "हजर!" म्हणून ओरडते. तेरा खलाशी. त्यातला मानुएल आरुडा, अझोरेस बेटांवरून आलेला, आमचा. गावातल्या गोऱ्यागोमट्या जुन्या घराण्यांनी आम्हां पोर्तुगीजांना एरवी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. त्या एका नावामुळे माझे वडील, कापडगिरणीतला कामगार, दर जूनमध्ये एक दिवस पेनीवेलांच्या शेजारी टोपी काढून उभे राहत. नंतर मी.

मी विन्स्लोला म्हटलं, "मानुएल साधा खलाशी होता. दोर ओढत होता. धंदा तुमचा."

पाव घेऊन मान ताठ करून बाहेर पडले. सुटे परत घ्यायचे राहिले.

बुधवार, १४ मे

ऑगस्टाकडे पत्ते खेळायला गेले. ऑगस्टा पेनीवेल म्हणजे इस्पितळात चाळीस वर्षं बाळंतपणं केलेली नर्स. अर्ध्या गावाला तिने पायाला धरून उलटं टांगलेलं आहे, विन्स्लोच्या दोन्ही मुलींसकट. वय एक्याऐंशी, आणि पत्त्यांत लबाडी करते. आडनाव एकच असल्यामुळे विन्स्लोची संधिवाताच्या मलमांची जाहिरातपत्रकं तिच्या टपालपेटीत येतात. ती त्यांत शिंपल्यांची टरफलं गुंडाळून टाकते.

मी सगळी हकीकत सांगितली, पाच विरुद्ध एकसह. वाटलं होतं, खवळून उठेल.

ती पानं लावत म्हणाली, "म्हणजे तुला नक्की काय परत हवंय गं? शब्द की माईक?"

"दोन्ही एकच आहे!"

"हं. उतर, तुझी पाळी."

एवढंच. एक काळी बाई, जिचे पूर्वज कदाचित अशाच कुठल्या जहाजातून आले असतील, तिची या विषयावर इतकी थंड प्रतिक्रिया असावी याचं मला नवल वाटलं. वयाचा परिणाम असेल.

दोन डाव हरले. तिने बदामाची राणी बाहीत ठेवली होती.

शुक्रवार, २३ मे

पत्र क्रमांक चार. यात बॉम्ब आहे. आमच्या राज्याने गुलामांच्या या व्यापारावर १७८७ सालीच बंदी घातली होती. जहाज निघालं १७९५ ला. म्हणजे दरवर्षी बँड लावून आम्ही ज्याचं स्वागत करतो तो कायदा मोडून परत आलेला माणूस आहे. कोर्टात असता तर त्याची जबानी मीच लिहून घेतली असती.

मंगळवार, २७ मे

बॉम्बचा आवाज झाला! विन्स्लो स्वतः घरी आला, टोप न घालता. कॉफी-दूध दिलं.

"समितीने मधला मार्ग काढलाय," म्हणाला. "'माल' काढतो. 'प्रवासी' घालतो. 'तिथून प्रवासी घेऊन हवानाला.' आणि माईक तुमचा."

मी विचार करून सांगते म्हटलं. लिहायला लाज वाटते, पण रोजनिशीशी खोटं बोलून काय उपयोग. तो गेल्यावर मी न्हाणीघराच्या आरशासमोर उभी राहून "प्रवासी" म्हणून पाहिलं. तीनदा. शब्द जिभेवर छान बसतो. शेवटचा स्वर पाण्यावर लांब जाईल.

बुधवार, २८ मे

पत्ते. ऑगस्टाला 'प्रवासी' सांगितलं. अर्धं गाठलं तर आहे, असं मी म्हटलं.

तिने हातातले पत्ते खाली ठेवले, पालथे न घालता. असं ती कधीच करत नाही.

"तिकीट दाखवलं होतं का त्यांनी?" तिने विचारलं. आणि हसायला लागली. इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मीही हसले, पण ती थांबल्यावर मला थांबता येईना, आणि मग ते हसणं राहिलं नाही.

मग तिने सांगितलं. अठ्ठ्याहत्तरांतली एक हवानाला उतरली नाही. कॅप्टनने ती बायकोसाठी घरी आणली. नऊ वर्षांची. इथे तिचं नाव फिबी ठेवलं. आधीचं कोणी विचारलं नाही. ऑगस्टाच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आजीपासून आजीपर्यंत. ऑगस्टाचं आडनाव पेनीवेल आहे ते तिथून.

मी म्हटलं, "इतकी वर्षं बोलली नाहीस!"

"इतकी वर्षं तू विचारलं नाहीस."

"काय हवंय तुला? सांग. मी पत्र लिहिते."

"पत्रं नकोत बाई तुझी, टपालवाला म्हातारा झालाय. मला एकदा तिचं नाव हजेरीत ऐकायचंय. आणि 'हजर' मी म्हणणार. पुढच्या जूनपर्यंत मी असेन असं डॉक्टर छातीवर हात ठेवून सांगत नाहीत."

घरी आले. आरशाकडे न बघता दात घासले.

सोमवार, २ जून

समितीपुढे गेले. 'प्रवासी' नाकारलं. फिबीचं नाव मागितलं.

विन्स्लो म्हणाला, "हजेरी फक्त जहाजावर काम करणाऱ्यांची आहे."

"चौदाव्या जागेवर कुत्रा आहे!" मी म्हटलं. खरंच आहे. १९८३ मध्ये कॉब घराणं संपलं, तेव्हा ती जागा जहाजावरच्या बोसन नावाच्या कुत्र्याला देण्यात आली. त्याच्यासाठी जनावरांचे डॉक्टर लेमोइन "हजर" म्हणतात आणि वर एकदा भुंकतात. दरवर्षी सर्वांत जास्त टाळ्या त्यालाच.

शेरिल म्हणाली, "पण कुत्रा सगळ्यांना आवडतो."

पुन्हा पाच विरुद्ध एक.

गुरुवार, ५ जून

ग्रंथालयात बसून हजेरीचे नियम काढले. १९२६ साली छापलेले, अर्धं पान. नावं चौदाच राहिली पाहिजेत. एखाद्या नावाला कोणी उत्तर दिलं नाही तर तीनदा पुकारायचं, घंटा वाजवायची, आणि त्या घराण्याचा जागेवरचा हक्क कायमचा गेला. मग पुकारणाऱ्याने तिथल्या तिथे विचारायचं, कोणाला हवी आहे का? 'लिटल ॲबिगेल'वरून वॉनसेटच्या धक्क्यावर उतरलेल्या कोणाच्याही नावाने मागता येते. "कोणाच्याही" असंच छापलं आहे. खलाशी हा शब्द नाही! त्या वाटेनेच कुत्रा आत आला.

धावत ऑगस्टाकडे. म्हटलं, लेमोइन चांगला माणूस आहे, गप्प बसायला तयार होईल.

ऑगस्टाने चष्म्यावरून पाहिलं. "फिबीला कुत्र्याची जागा?"

मी टिपणवही मिटली.

"माणसाची जागा असेल तर सांग," ती म्हणाली.

शनिवार, ७ जून

बाकीच्या घराण्यांचा विचार केला. हॉज मंडळी ओहायोहून विमानाने येतात फक्त ओरडायला. स्पूनरांचा म्हातारा त्या दिवसासाठी वर्षभर जगतो. विन्स्लोचा चुलतभाऊ शिंग घेऊन येतो. कोणी गप्प बसणार नाही.

तेराही नावं लिहून काढली. बारांवर काट मारली.

रविवार, ८ जून

बाबांच्या कबरीवर गेले. फुलं ठेवली. काही विचारलं नाही, कारण त्यांचं उत्तर मला माहीत आहे आणि ते मला नको आहे.

मानुएल दोर ओढत होता, हे मी विन्स्लोला ऐकवलं होतं. आज मनात आलं, माणसं कोंडलेल्या तळाच्या झडपा कोण बंद करत होतं? खाली जेवणाची बादली कोण सोडत होतं? सकाळी झडप उघडून, कोण गेलं ते मोजायला कोण उतरत होतं? कॅप्टन स्वतः तर नक्कीच नाही.

बुधवार, ११ जून

ऑगस्टाला सांगितलं. ती बराच वेळ पत्ते पिसत राहिली.

"तीनदा पुकारतील," म्हणाली.

"माहीत आहे."

"तुझ्याच्याने तोंड बंद ठेवणं व्हायचं नाही एर्मेलिंडा. तू भूल दिलेली असतानासुद्धा डॉक्टरांच्या चुका काढत होतीस. मी तिथे होते."

"पाहशील."

"पैज?"

"गोड पावाची."

पत्त्यांत तिने आज लबाडी केली नाही. त्यामुळे मला खेळताच येईना.

शनिवार, १४ जून

घाईत लिहिते आहे, अक्षर माफ.

ऊन कडक. धक्का भरलेला. विन्स्लोची होडी नेहमीप्रमाणे आधी उलटी फिरली, मग लागली. टोप एका बाजूला. शेरिलने "माल" असं वाचलं, "भरपूर उजेडाचं" म्हणावं तसं हसत. ऑगस्टा हिरवी टोपी घालून तिसऱ्या ओळीत. मी दुसऱ्या टोकाला, बाबा उभे राहत त्या खांबाजवळ.

हजेरी सुरू झाली. हॉज ओरडले. शिंग वाजलं. स्पूनर म्हाताऱ्याने इतक्या जोरात हजर म्हटलं की दातांची कवळी पुढच्या बाईच्या पिशवीत.

"मानुएल आरुडा, खलाशी!"

एकदा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रुमाल दातांत धरला.

"मानुएल आरुडा!" दुसऱ्यांदा. शेजारची बाई मला कोपराने ढोसते आहे: "अहो, तुमचं नाव!" विन्स्लोने होडीतून हात हलवला, मला झोप लागली असावी तसा.

तिसऱ्यांदा शेरिलने ते हळू म्हटलं, प्रश्न विचारल्यासारखं. तेव्हाच सगळ्यांत कठीण गेलं. बाबा हे नाव म्हणायचे तेव्हा त्यांच्या हनुवटीची हालचाल कशी व्हायची, ती दिसली. मी डोळे मिटले. घंटा झाली. एक.

शेरिलला पुढचं माहीत नव्हतं. लेमोइन मागून ओरडले, "विचारा की, जागा कोणाला हवी!" तिने विन्स्लोकडे पाहिलं. विन्स्लोने नियमांच्या कागदासाठी खिसे चाचपले, पण कॅप्टनच्या कोटाला खिसे खोटे असतात.

"जागा... कोणाला हवी आहे?"

ऑगस्टा उभी राहिली. एका हातात काठी, दुसरा हात मोकळा. "फिबीला. या धक्क्यावर उतरली तेव्हा वय नऊ."

मग विन्स्लो म्हणाला, "मिस ऑगस्टा, याबद्दल समितीत..."

"अहो, माझ्या कुत्र्याला दिलीत ना!" लेमोइन. कोणीतरी हसलं, मग पुष्कळजण हसले, आणि मग एकदम कोणीच नाही, कारण आपण कशाला हसलो ते त्यांना कळलं असावं.

विन्स्लोची मोठी मुलगी पुढच्या ओळीत होती. ती बापाला म्हणाली, मोठ्याने नाही पण मी ऐकलं, "बाबा, पुरे."

शेरिलने माईक जवळ घेतला. तिचा आवाज पहिल्यांदाच हसरा नव्हता. "फिबी... आडनाव?"

"पेनीवेल," ऑगस्टा म्हणाली.

विन्स्लोने टोप काढला. उकाड्याने असेल.

"फिबी पेनीवेल!"

"हजर," ऑगस्टाने म्हटलं. ओरडली नाही. आवाज पाण्यापलीकडे मुळीच गेला नसेल. पण धक्क्यावर शेवटच्या माणसाने ऐकला.

पैज मी जिंकले.

सोमवार, १६ जून

विन्स्लोचं पत्र आलं. शेवटी लेखी! चार ओळी. फिबी पेनीवेल यांचं नाव नोंदलं आहे, आरुडा घराण्याचं नाव नियमानुसार वगळलं आहे, 'माल' या शब्दाबाबत समिती शरद ऋतूत विचार करील. शरद ऋतू! या उत्तरावर चार पानं होतील.

दुपारी ऑगस्टा पैजेचा गोड पाव घेऊन आली. मीच बनवलेला बरा असतो, पण काही बोलले नाही. वाटलं होतं, आज ती माझे आभार मानणार. तोंडावर भाव काय ठेवायचा तेही ठरवून ठेवलं होतं. तिने दोन तुकडे खाल्ले, बशी धुतली, टेबलावर पाकीट ठेवलं आणि काठी टेकत गेली. पाकिटातला मजकूर जसाच्या तसा उतरवते, एकही शब्द न बदलता. माझं काम तेच होतं.

"प्रति, मिस एर्मेलिंडा आरुडा.

शनिवार, १० जून १९९५, सकाळी अकरा वाजून पाच मिनिटं. गोदीचा धक्का. माईकवर तुझं पहिलं वर्ष. मी तिसऱ्या ओळीत होते, याच हिरव्या टोपीत. तू 'तिथून' म्हणालीस आणि थांबलीस. माझ्याकडे पाहिलंस. आपली ओळख तेव्हा नुकतीच झाली होती. मग खाली पाहून 'माल' म्हणालीस. पुढची अठरा वर्षं तू त्या ठिकाणी थांबली नाहीस.

जागा दिल्याबद्दल आभार मानते. ते मनापासून आहेत आणि ते वेगळे आहेत. या पत्रात मिसळू नयेत.

मला एवढंच हवं आहे. त्या दिवशी तू का थांबलीस, आणि थांबल्यावर का वाचलंस. कागद ओला होता, चष्मा घरी राहिला, तुझं काम नुसतं वाचायचं होतं, ही कारणं स्वीकारली जाणार नाहीत.

उत्तर लेखी हवं. मुदत शुक्रवार, २० जून, दुपारी बारा वाजेपर्यंत. पत्ते खेळताना दिलेलं तोंडी उत्तर धरलं जाणार नाही.

ऑगस्टा पेनीवेल."